खुलासा: पीयूई १.५ म्हणजे निम्मी वीज वाया नव्हे

आपल्या इंदूरच्या रामबागेतल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवसांपासून एक निरोप फिरतोय: “डेटा सेंटरचा पीयूई १.५ असला की निम्मी वीज वाया जाते. तो १.१ वर आणला तर पाण्याचीही काळजी नको.” दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

पीयूई म्हणजे डेटा सेंटरच्या (सर्व्हर संगणक ठेवलेल्या) इमारतीची एकूण वीज भागिले सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्कची वीज. १.५ म्हणजे यंत्रांना १०० युनिट मिळायला १५० लागतात. वरची ५० एकूण विजेच्या एक तृतीयांश होतात. तीही मुख्यतः थंडाव्यावर खर्च होतात, थोडी यूपीएसमध्ये जातात.

पाण्याचं मात्र नीट समजून घ्या. इंदूरला नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी वर चढवून आणावं लागतं. पाण्याच्या बाष्पीभवनाने थंडावा केला तर कॉम्प्रेसरची वीज वाचते, पीयूई उतरतो. पण एक युनिट विजेइतकी उष्णता घालवायला साधारण दीड लिटर पाणी उडून जातं. पीयूईत ते दिसतच नाही! म्हणजे आकडा जितका देखणा, तितकं पाणी जास्त गेलेलं असू शकतं. आपल्या शहरात असा प्रकल्प आला, तर लिटर प्रति युनिट हा हिशेब वेगळा मागायलाच हवा.

सर्व्हर बर्फासारखे गार ठेवावे लागतात, हीसुद्धा जुनी समजूत. अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस सर्व्हरना मिळणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सियसची आहे, आणि माळव्यातल्या हिवाळी रात्री बाहेरची हवाच त्यातलं बरंच काम करू शकते.