युरोपला निघताय? आधी फाईल जाड करा

पुढची महासाथ येईल तेव्हा येईल, तयारी आतापासून हवी. समजा, पुन्हा ऑगस्ट 2021 उजाडलाय. खिशात भारतीय पासपोर्ट, दंडात कोव्हिशील्डचे दोन डोस, आणि झुरिकहून आगगाडीने मिलानला जायची तुम्हाला हुक्की आलीय. अजिबात घाबरू नका. युरोपात सीमा नसतातच. 1985 साली शेंगेन गावात सह्या करून त्या पुसायचं ठरलं. मार्च 2020 मध्ये त्या परत आखाव्या लागल्या, एवढंच.

आखल्या मात्र मन लावून. बेल्जियम आणि नेदरलँड्स एकमेकांत गुंतलेत त्या बार्ले गावात कपड्यांच्या एका दुकानाच्या मधोमध पट्टी लावली होती. डच अर्ध्यात विक्री चालू, बेल्जियन अर्ध्यातले कपडे लॉकडाऊनमध्ये. कोन्स्टान्झला जर्मनी-स्वित्झर्लंडच्या मध्ये जाळीचं कुंपण घातलं, तर जोडपी जाळीतून मुके घ्यायला लागली. मग पलीकडे थोडं अंतर सोडून दुसरं कुंपण घातलं. प्रेमाला सीमा नसते म्हणणाऱ्यांनी तिथे जाऊन कुंपणं मोजायला हवी होती.

असो. तुमचं प्रेम कागदांवर असू द्या. एक जाड प्लास्टिकची फाईल घ्या आणि प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स काढा. मोबाइलमध्ये सगळं आहे म्हणून निवांत राहू नका. ऐन मोक्याला चार्जिंग संपायचंच. लसीच्या प्रमाणपत्रावर नाव आधार कार्डावरचं, पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट, आणि प्रवासी नोंदणीच्या अर्जात आडनाव आधी. ही तिन्ही माणसं तुम्हीच, हे पटवायची तालीम घरी आरशासमोर करा. प्रमाणपत्रावर जन्मतारखेऐवजी नुसतं वय आहे आणि फोटो तुमचा नसून पंतप्रधानांचा आहे. समोरचा आळीपाळीने फोटोकडे आणि तुमच्याकडे बघायला लागला, तर हसू नका.

चाचणीचं गणित वेगळं. कुठे 72 तास चालतात, कुठे 48. ते मोजायचे नाकात काडी गेल्यापासून, रिपोर्ट हातात पडल्यापासून नव्हे. लग्नाचे मुहूर्त काढणारे गुरुजी ओळखीचे असतील तर त्यांनाच विचारा. काडी, विमान, आगगाडी आणि पोलीस हे चार ग्रह एका राशीत आणणं आपल्यासारख्यांचं काम नाही.

आता मुख्य मुद्दा. तुमची लस हडपसरची. युरोपात ॲस्ट्राझेनेकाची तीच लस तेव्हा 'व्हॅक्सझेव्हरिया' या नावाने मिळत होती आणि युरोपीय संघाच्या यादीत होती. कोव्हिशील्ड नव्हती. नवस सारखा, देव सारखा, फक्त देऊळ हडपसरचं. मग ज्याने त्याने आपापलं ठरवलं. स्वित्झर्लंडने जूनअखेर तुम्हाला लसवंत मानलं, फ्रान्सने जुलैत. इटलीचं मन वळायला सप्टेंबर उजाडला. म्हणजे झुरिकच्या फलाटावर तुमचे दोन्ही डोस शाबूत असतात. 57 किलोमीटरच्या गोथार्ड बोगद्यातून बाहेर पडलात तरी ते टिकतात. लुगानोला तळं दिसतं तोवर काही धास्ती नाही. कियास्सो हे सीमेवरचं स्विस स्टेशन मागे पडलं, की दंडातली लस आपोआप उतरते. दुखत नाही. (ब्रिटनने पुढे सप्टेंबरात याहून बारीक कातलं: लस मान्य, प्रमाणपत्र अमान्य. मग आपण 4 ऑक्टोबरपासून ब्रिटिशांना दहा दिवस कोंडायचं ठरवलं, आणि आठवड्याभरात, 11 तारखेपासून, ते प्रमाणपत्र त्यांना एकदम वाचता यायला लागलं.)

तेव्हा भारत सोडून चौदा दिवस झाल्याची खात्री करा, झुरिकमध्ये पुन्हा नाकात काडी घालून घ्या, अर्जात डब्याचा आणि आसनाचा नंबर भरा आणि त्या आसनावरून हलू नका. खिडकीची जागा मागणाऱ्या आजींना नम्रपणे सांगा की आपण इटलीच्या सरकारला शब्द दिलाय.

माझा अनुभव सांगतो. कियास्सोला गणवेशातले दोघे चढले. मी फाईल मांडीवर उघडून, रंगीत खुणांच्या चिठ्ठ्या लावून, दहावीच्या तोंडी परीक्षेला बसतात तसा बसलो होतो. त्यातल्या एकाने विचारलं, "दहा हजार युरोंपेक्षा जास्त रोकड आहे का?" मी नाही म्हणालो. तो पुढच्या आसनाकडे वळला. चाचणीचा रिपोर्ट मीच पुढे केला, अक्षरशः नाकासमोर धरला. त्याने हातानेच 'राहू द्या' म्हटलं. इतका अपमान आयुष्यात झाला नव्हता. जवळ रोकड असती, तर निदान संभाषण तरी लांबलं असतं.

पण फाईल फेकू नका. खरी सीमा पुढे, कोमोच्या कॅफेच्या दारात आहे. 6 ऑगस्टपासून इटलीत आत टेबलाशी बसायला ग्रीन पास, म्हणजे लशीचा किंवा चाचणीचा डिजिटल दाखला, लागतो. दारातली मुलगी फोन रोखून तुमच्या प्रमाणपत्राचा क्यूआर कोड टिपते. तिच्या ॲपला तो ओळखू येत नाही, पडदा लाल होतो. दुसरी झेरॉक्स दाखवा, तिसरी दाखवा. लालच. तिला वाईट वाटतं, तुम्हालाही वाटू द्या. मग ती हळूच काउंटरकडे बोट दाखवते. तिथे उभ्याने कॉफी प्यायला पास लागत नाही. छोटा कप असतो, दोन घोटांत संपतो. फाईल काखेत घट्ट धरा, काउंटर ओला असतो.