कार्बोरेटर काढण्याआधी टाकीचं झाकण उघडा

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक मजकूर सध्या जोरात फिरतो आहे. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा कुठलीही कार्बोरेटरची (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेली) गाडी गरम झाल्यावर बंद पडत असेल, तर इथेनॉलने कार्बोरेटर खाल्ला समजा. नवा घाला, टाकीतलं पेट्रोल ओढणारा मूळ पंप फेकून इलेक्ट्रिक पंप बसवा, आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवताना टाकी जवळजवळ रिकामी करा. इथे गोव्यात, डिचोलीतल्या दोघा ओळखीच्यांनी हे वाचून पैसे घातले, म्हणून लिहितो.

इथेनॉलचं म्हणणं साफ खोटं नाही. 2025 पासून आपल्याकडे पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पद्मिनीच्या मूळ रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) त्यासाठी केलेलेच नव्हते; ते फुगतात, मऊ पडतात. टाकीतला जुना गाळ सुटून जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकांत, जाऊन बसतो. पण ही दुखणी थंड गाडीलाही छळतात. अर्धा तास छान पळून मरणारी आणि दहा मिनिटांनी काही न करता पुन्हा सुरू होणारी गाडी वेगळंच काही सांगत असते.

आमच्या बाबांची पद्मिनी घ्या. डिचोलीहून निघाली की पर्वरीच्या चढावर हमखास बंद. गॅरेजवाल्याने आधी कार्बोरेटर बदलला, मग पंप. गाडीने पर्वरी सोडली नाही. शेवटी शेजारचे म्हातारे मेस्त्री म्हणाले, ‘‘आता बंद पडली की बॉनेटला हात लावू नकोस. मागे जा, झाकण उघड.’’ उघडलं, तर सुस्स करून हवा आत ओढली गेली, आणि पहिल्याच किल्लीला गाडी सुरू. टाकीत हवा जायच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, शेवाळी रंगाची एक मेलेली अळीसुद्धा आत. पेट्रोल उपसलं जाई, त्याच्या जागी हवा येत नसे, मग पंपाने ओढायचं तरी किती! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

झाकण उघडून फरक पडला नाही, तर एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या घशात डोकावा आणि हाताने रेस द्या. पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. कार्बोरेटरला सोडा, ठिणगी पाडणारे कंडेन्सर आणि कॉइल तपासा. दोन्ही तापल्यावर दगा देतात, निवल्यावर शहाण्यासारखी वागतात, आणि बदनाम होतं पेट्रोल. चिळकांडी नाही उडाली, तर पंपावर ओलं फडकं गुंडाळा. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली, तर पेट्रोलची वाफ झाली होती. इथेनॉल हा त्रास वाढवतं, हे कबूल. पेट्रोलची नळी इंजिनाच्या गरम भागापासून लांब वळवून घेतली तरी बऱ्याचदा भागतं.

इलेक्ट्रिक पंपाबद्दल मात्र मला रागच येतो, कारण त्या मजकुरात दाबाचा आकडाच नाही. कार्बोरेटरला 3-4 पीएसआय (दाबाचं माप, टायरच्या हवेचं असतं तेच) पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप 40 च्या वर दाब देतो. तो बसवलात तर वाटी भरली की पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल टिकणार नाही, पेट्रोल वरून वाहून गरम इंजिनावर पडेल. शिवाय मूळ पंप इंजिनावर चालतो, इंजिन थांबलं की तोही थांबतो. इलेक्ट्रिक पंपाला अपघातात आपोआप बंद व्हायची सोय नसेल, तर तो पेट्रोल ओततच राहील. कमी दाबाचा, टाकीजवळ नीट बसवलेला असेल तर माझी हरकत नाही.

राहिली रिकामी टाकी. वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात हा सल्ला कुणी द्यावा? रिकाम्या पत्र्यात दमट हवा शिरते, आतून गंज धरतो. इथेनॉल ते पाणी पिऊन घेतं आणि प्रमाण वाढलं की दोघं मिळून तळाशी बसतात, नेमकं पेट्रोल उचलणाऱ्या नळीच्या तोंडाशी. तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी उतरवून धुवावीच लागेल. एक-दोन महिने उभी राहणार असेल तर काठोकाठ भरा. त्याहून जास्त, तर पूर्ण उपसून, कोरडी करून आतून तेलाचा हात फिरवा.

आमच्या गाडीवर जुनाच कार्बोरेटर धुऊन परत चढवला आहे. नवा बिस्किटांच्या डब्यात पडून आहे, बाबा तो कुणाला देतही नाहीत.