बेटावरच्या सिस्टरचे हात

बेटांवर टेलिमेडिसिन, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार, न्यायचं म्हटलं की बोलणी सुरू होतात ती मोठ्या स्क्रीनपासून. मी काही वर्षं फोनच्या अलीकडच्या टोकाला बसणारी डॉक्टर आहे आणि माझं ठाम मत झालंय: पहिला पैसा पलीकडच्या सिस्टरवर खर्च करा.

एका रात्री पोटदुखीचा पेशंट होता. व्हिडिओ सारखा अडकत होता, शेवटी नुसता आवाज ठेवला. म्हटलं, "सिस्टर, उजवीकडे खाली हळूहळू दाबा आणि हात पटकन उचला. उचलताना जास्त कळवळतोय का?"

"हो मॅडम. आणि पोट फळीसारखं लागतंय."

पोट असं कडक लागलं तर ऑपरेशन लागू शकतं. त्या शब्दावर पेशंटला हॉस्पिटलात न्यायला बोट काढायची ठरली. भर रात्री, खवळलेल्या समुद्रात. गरज नसताना काढली तर बोटीवरच्या सगळ्यांचा जीव टांगणीला, थांबलो तर पेशंटचा. हा निर्णय माझा होता, पण तो सिस्टरच्या बोटांना जे कळलं त्यावर उभा होता.

हार्ट अटॅकचंही तेच. ईसीजीचा कागद सपाट धरून काढलेला फोटो रडतखडत का होईना, पोचतो. पण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बेटावरच्या कपाटात नसेल, तर माझ्या निदानाचं त्या माणसाने काय करायचं? ऑस्ट्रेलियातल्या फ्लाइंग डॉक्टर सेवेने 1942 पासून आडबाजूच्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवल्या, प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टर रेडिओवरून नंबर सांगणार, घरातलं माणूस तेच औषध काढून देणार. इतकी साधी सोय, पण औषध आधीच तिथे पोचलेलं असायचं!

आणि नेटवर्कच्या भरवशावर सगळं सोडू नका. जानेवारी 2022 मध्ये पॅसिफिकमधल्या टोंगा या बेटांच्या देशाजवळ ज्वालामुखीचा उद्रेक झाला, इंटरनेटची समुद्राखालची केबल तुटली. मुख्य बेटाची केबल जोडायला सुमारे पाच आठवडे गेले, लांबच्या बेटांना त्याहून कितीतरी जास्त. सॅटेलाइट फोन, रेडिओ आणि चार्ज असलेली बॅटरी हवीच.

तरी माझी खरी मागणी दुसऱ्या सिस्टरची आहे. त्या बेटावर त्या एकट्याच आहेत. मध्यंतरी त्या स्वतःच तापाने फणफणल्या होत्या. ते तीन दिवस मी फोन लावत होते, रिंग वाजत होती आणि उचलायला कोणी नव्हतं.