खोकून हृदय चालू राहत नाही

एकट्याने गाडी चालवत असताना हृदयविकाराचा झटका आला, तर शुद्ध हरपायला अवघे 10 सेकंद उरतात; तेवढ्यात खोल श्वास घेऊन दर दोन सेकंदांनी जोरजोरात खोकत राहिल्यास हृदय दाबले जाऊन रक्ताभिसरण टिकते आणि रुग्णालय गाठता येते, असे सांगणारा संदेश आधी ईमेलने आणि आता व्हॉट्सॲपवरून वर्षानुवर्षे फिरतो आहे.

यात दोन निरनिराळ्या अवस्थांची सरमिसळ आहे. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते; छातीत कळ येते, दरदरून घाम फुटतो, पण हृदय बहुधा चालू असते आणि रुग्ण बोलतही असतो. 10 सेकंदांची मुदत त्याला लागू नाही. हृदयक्रियाच अचानक बंद पडते तेव्हा मात्र माणूस काही सेकंदांत कोसळतो. म्हणजे ज्याला खोकता येते त्याला या उपायाची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे तो बेशुद्ध आहे.

खोकल्याची कल्पना अगदीच हवेतली नाही, हेही सांगायला हवे. अँजिओग्राफीच्या टेबलावर हृदयाची लय बिघडलेले काही रुग्ण डॉक्टरांच्या सांगण्यावरून खोकत राहिले आणि जास्तीत जास्त 39 सेकंद शुद्धीवर राहिले, अशी नोंद 1976 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. मात्र तिथे मॉनिटर लावलेला होता, लय बिघडताच ओळखणारे डॉक्टर शेजारी होते आणि शॉक देणारे यंत्र हाताशी होते. मूळ इंग्रजी संदेशात ज्या रॉचेस्टर जनरल हॉस्पिटलचा हवाला होता, त्याने आपला संबंध नाकारला. अमेरिकन हार्ट असोसिएशनही सर्वसामान्यांना हा उपाय सुचवत नाही.

बंद पडलेले हृदय परत चालू होते ते इतरांच्या हातांमुळे. 12 जून 2021 रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन फिनलंडविरुद्धच्या सामन्यात कोसळला. वैद्यकीय पथकाने लगेच सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा उपचार) सुरू केला, डिफिब्रिलेटर या विजेचा शॉक देणाऱ्या यंत्राने एक शॉक दिला आणि तो मैदानातच शुद्धीवर आला. मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते, म्हणून रुग्णवाहिकेची वाट पाहत नुसते उभे राहणे परवडत नाही. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास घेत नसेल, किंवा नुसते आचके देत असेल (हे आचके म्हणजे श्वास चालू असल्याची खूण नव्हे, आणि बघे नेमके इथेच फसतात), तर एकाने 108 ला फोन लावावा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 या गतीने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. एईडी, म्हणजे सामान्य माणसालाही वापरता येणारे स्वयंचलित शॉक यंत्र, मिळाले, तर ते पुढच्या सूचना स्वतः बोलून देते आणि लय तपासल्याशिवाय शॉक देत नाही, त्यामुळे ते वापरायला घाबरण्याचे कारण नाही.

राहिला एकटेपणाचा प्रश्न. छातीत कळ आल्यावर खोकत-खोकत गाडी हाकणे हा या संदेशातला सर्वांत घातक सल्ला आहे. गाडी बाजूला घेऊन 108 ला फोन करावा. घरी असाल तर दाराची कडी काढून ठेवावी, शेजाऱ्यांना हाक मारावी आणि स्वस्थ बसून राहावे.