वर्षाला ७७ हजार नव्हे, साडेबावन्न : फोंड्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. मारुतीची ग्रँड विटारा घ्यावी की टोयोटाची हायरायडर, यावरचा माझा लेख सकाळी उघडून तिच्याशी पुन्हा ताडून पाहिला. लेखात मी हायरायडरची हायब्रीड घ्या असं सुचवलं होतं, त्यावर तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात. ग्रँड विटारा आणि हायरायडर ही एकच गाडी आहे, मग 'यातली कुठली' हा प्रश्न विचारून मी टोयोटाच्या नावाला भुललो. बचतीचा माझा हिशेब खोटा आहे. सीव्हीटीचा, म्हणजे या ऑटोमॅटिक गिअरचा, पट्टा आपल्या घाटांत टिकत नाही असं तुमचा मेकॅनिक सांगतो. आणि चौथी, जी तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलीत पण मला सगळ्यांत मोलाची वाटली : तुमचा भाऊ तारवटी आहे, म्हणजे जहाजावर नोकरीला, गाडी वर्षातून सहा महिने उभी राहणार, त्याबद्दल लेखात एक अक्षर नाही.

आधी हिशेबाचं बोलतो, कारण तिथे चूक माझी आहे आणि ती लहान नाही.

मी लिहिलं होतं की स्ट्राँग हायब्रीड (इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवरही थोडं अंतर जाणारी) घेतली तर वर्षाला ७७ हजार रुपये वाचतात. हा आकडा कसा आला ते आज पुन्हा तपासलं. वर्षाचं माझं धावणं १८,००० किलोमीटर. म्हापसा ते वेर्णा रोजची ये-जा, त्यामुळे तो आकडा खरा आहे. माइल्ड हायब्रीड (जिच्यात बॅटरी इंजिनाला फक्त हातभार लावते) ऑटोमॅटिकला मी लिटरला १३ धरले होते, कारण माझ्याच वाटेवरून त्याच वेळेला येणाऱ्या सहकाऱ्याच्या गाडीला तेवढंच मिळतं. स्ट्राँग हायब्रीडला मात्र २८ धरले, आणि ते आले कंपनीच्या २७.९७ या प्रमाणित आकड्यावरून. म्हणजे एका गाडीला रस्त्यावरचा आकडा लावला आणि दुसरीला कागदावरचा. तुम्ही हे पकडलंत, तुमचं बरोबर आहे. वर पेट्रोलचा दर धरला १०४, तो पत्रादेवीच्या सीमेपलीकडचा, महाराष्ट्रातला. लेखाचा पहिला खर्डा मी सावंतवाडीच्या नातेवाइकांसाठी केला होता आणि तिथला दर तसाच राहिला. आपल्याकडे ९६च्या आसपास मिळतं. सिंधुदुर्गातली मंडळी टाकी भरायला इकडे येतात ते उगाच नाही.

आता खरा हिशेब. माझ्या वहीत माझ्या स्ट्राँग हायब्रीड हायरायडरची १९ महिन्यांची सरासरी २१.५ आहे. त्याने वर्षाला ८३७ लिटर लागतात, १३च्या गाडीला १,३८५. फरक ५४८ लिटरचा, म्हणजे साडेबावन्न हजार रुपये. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक अडीच लाख धरला तर तो भरून यायला पावणेपाच वर्षं लागतात. लेखात मी सव्वातीन लिहिली होती. तक्ता आज दुरुस्त केला आहे आणि वर तारीख टाकून काय बदललं तेही लिहिलं आहे.

तुमच्यासाठी हाच हिशेब आणखी वेगळा निघतो. फोंड्यातल्या तिस्कावरचं दुकान, सोमवारी मंगेशी, महिन्यातून दोनदा सत्तरी तालुक्यातलं कुळागर (नारळ-सुपारीची बाग), सगळं धरून तुम्ही वर्षाला ६,००० किलोमीटर सांगता. बचत होते १८३ लिटर, साडेसतरा हजार रुपये. अडीच लाख भरून यायला चौदा वर्षं. हायब्रीड बॅटरीची वॉरंटी दोन्ही कंपन्यांकडे ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. म्हणजे वॉरंटी संपल्यावरही सहा वर्षं तुम्ही फक्त फरक फेडत राहाल. आणखी एक गोष्ट तुमच्याच बाजूची आहे, ती मी लेखात घ्यायला हवी होती. २२ सप्टेंबर २०२५च्या आधी या आकाराच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी आणि उपकर मिळून ४५ टक्के लागायचे, स्ट्राँग हायब्रीडवर ४३. आता दोन्हींवर ४०. हायब्रीडला जी दोन टक्क्यांची सवलत होती ती गेली. रोड टॅक्सही किमतीवर लागतो, त्यामुळे घरी आणेपर्यंत फरक थोडा वाढलेलाच असतो.

म्हणून तुम्हाला मी आज स्वच्छ सांगतो : स्ट्राँग हायब्रीड घेऊ नका, ना या बोधचिन्हाची ना त्या. माझ्या लेखाचं 'गोव्यात डोळे मिटून हायब्रीड' हे वाक्य काढून टाकलं आहे. ते माझ्या रस्त्यापुरतं खरं होतं आणि मी ते सगळ्या गोव्याच्या गळ्यात घातलं.

तरीही माझ्या रस्त्यावर ती का शोभते हे सांगू द्या, कारण हेच वाचून कुणी वेर्ण्याला किंवा मोपाच्या विमानतळावर रोज जाणारा निर्णय घेणार असेल. गिरीहून निघालं की पर्वरी. उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तिथे कितीदा वीस वीस मिनिटं मुंगीच्या पावलांनी काढली आहेत. साध्या गाडीत त्या वीस मिनिटांत इंजिन चालूच असतं, कारण एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच्या पट्ट्याने फिरतो. स्ट्राँग हायब्रीडमध्ये कॉम्प्रेसर विजेवर चालतो. इंजिन बंद, एसी चालू, गाडी बॅटरीवर हळूहळू पुढे. चार्ज उतरला की इंजिन थोडा वेळ सुरू होतं आणि पुन्हा गप्प बसतं. पुढे पणजीला मांडवीवरच्या अटल सेतूचा चढ, मेरशी, बांबोळीचा उतार, आगशी, जुवारीचा नवा पूल, कुठ्ठाळी. या वाटेवर चढ-उतार आणि थांबे इतके आहेत की ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा सतत बॅटरीत परत येत राहते. मोकळ्या हमरस्त्यावर ताशी शंभराने गेलो तर माझाही आकडा विसाच्या खाली येतो. हायब्रीड कमावते ती गर्दीत. तुमच्या फोंड्याच्या बाजारातही ती कमावेल, पण दिवसाला चार किलोमीटर कमावून कमावणार किती?

आता पट्ट्याचं. इथे मी तुमच्या मेकॅनिकशी सहमत नाही, आणि हा गैरसमज इतका पसरला आहे की जरा थांबून लिहितो.

साध्या सीव्हीटीत दोन पुली असतात आणि मधे पोलादी पट्टा. त्या मिटतात-उघडतात तसं गुणोत्तर बदलतं. या दोन गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रीडमध्ये जी ई-सीव्हीटी आहे तिच्यात असा पट्टाच नाही. फक्त नाव सारखं. आत ग्रहमालेसारखी दातेरी चक्रं आहेत : मधे एक सूर्यचक्र, भोवती फिरणारी ग्रहचक्रं, बाहेर दातेरी कडं. इंजिन ग्रहांना जोडलेलं, एक मोटर-जनरेटर सूर्याला, आणि चाकांना ओढणारी मोटर बाहेरच्या कड्याच्या बाजूला. इंजिनाची ताकद तिथे विभागते, काही सरळ चाकांकडे जाते, काही वीज होऊन. सूर्याची मोटर कमी-जास्त वेगाने फिरवली की गुणोत्तर आपोआप बदलतं. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, आल्टरनेटर नाही. टोयोटाने १९९७ साली जपानमध्ये प्रियस आणली तेव्हापासून ही मांडणी मूळ तत्त्वात तीच आहे. चढावर इंजिनाचा आवाज वेगाच्या आधी वाढतो, ते कानाला विचित्र लागतं हे मान्य. त्याचा अर्थ काही घसरतंय असा नाही.

घाटात काळजी घ्यायची ती वेगळीच, आणि ती मेकॅनिकच्या बोलण्यात कुठेच आली नाही. या गाडीची बॅटरी ०.७६ किलोवॉट-तासाची. वीजबिलाच्या भाषेत पाऊण युनिट. दीड हजार किलोचं वजन घेऊन तुम्ही चोर्ला घाटात ५०० मीटर खाली उतरलात तर सुमारे दोन युनिटांची ऊर्जा मोकळी होते. काही हवेत आणि टायरांत जाते, तरी अर्ध्या वाटेतच बॅटरी काठोकाठ भरते. भरली की विजेचा ब्रेक हात आखडतो आणि सगळा भार डिस्कवर येतो. म्हणून उतार लागताच गिअरचा दांडा 'डी'वरून 'बी'वर ओढायचा. मग इंजिन स्वतः गाडी धरून ठेवतं. मला डिलिव्हरीच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही. माहितीपुस्तकात आहे, मी उशिरा वाचलं, तोवर अनमोड घाटात एकदा ब्रेकचा जळका वास येऊन गेला होता.

एकच गाडी असण्याबद्दल तुम्ही म्हणता ते यंत्रापुरतं पूर्ण खरं. दोन्ही २०२२ साली आल्या, कर्नाटकातल्या बिडदीला टोयोटाच्या कारखान्यात एकाच छताखाली बनू लागल्या. पण यातूनच तुमचा 'नावाला भुललात' हा आरोप टिकत नाही. स्ट्राँग हायब्रीडचं १४९० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन टोयोटाचं, मग पुढे कुठलंही बोधचिन्ह असो. आणि माइल्ड हायब्रीडचं १४६२ सीसीचं इंजिन सुझुकीचं, हायरायडरमध्येसुद्धा. नावाला भुलायला इथे जागाच नाही.

मी हायरायडर घेतली ती वर्कशॉपमुळे. नेहमीची सर्व्हिस, तेल, फिल्टर, ब्रेक पॅड कुणीही करतं, आणि त्या बाबतीत मारुतीचं जाळं गोव्यात नक्कीच दाट आहे. हायब्रीडच्या हाय-व्होल्टेज नारिंगी तारेला हात लावायचा प्रसंग आला तर मात्र प्रशिक्षण घेतलेला माणूस लागतो. मी दोन्हीकडच्या वर्कशॉपांत जाऊन विचारलं की इथे हाय-व्होल्टेजचं प्रशिक्षण झालेले किती जण आहेत, आठवड्याला अशा किती गाड्या येतात, भाग मागवला तर कुठून येतो. माझ्या वाटेवरच्या एका ठिकाणी समाधानकारक उत्तर मिळालं. ते मारुतीचं निघालं असतं तर ग्रँड विटारा घेतली असती. फोंड्याला उत्तर उलटं येऊ शकतं. लेखात मी 'हायरायडर सरस' एवढंच लिहून मोकळा झालो, हे कारण लिहिलंच नाही. तुमचा राग मला समजतो.

तुमच्या कुळागराचा विचार केला तर ग्रँड विटाराची किंवा हायरायडरची माइल्ड हायब्रीडच बरी, त्यातही चारही चाकांना ताकद देणारी. ती सोय स्ट्राँग हायब्रीडमध्ये मिळत नाही. शिवाय स्ट्राँग हायब्रीडची बॅटरी डिकीच्या तळाशी असते, डिकी बरीच आकसते. नारळाची दोन पोती आणि चतुर्थीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान एकाच फेरीत आणायचं असेल तर शोरूमवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. रिकामी पोती घेऊन जा, डिकीत पसरून बघा.

उभ्या राहणाऱ्या गाडीचं आता. हे मी स्वतः भोगलं आहे. गेल्या चतुर्थीला आम्ही गावी, त्यानंतर मी आजारी. गाडी जवळपास पाच आठवडे हलली नाही. बटण दाबलं तर गाडी चालायला तयार असल्याची 'रेडी' ही खूण समोर येईना. एका वर्कशॉपला फोन लावला, पलीकडच्या मुलाने न बघताच सांगितलं की हायब्रीड बॅटरी गेली, मोठा खर्च आहे. त्या रात्री घरात कुणाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरीकडचा तंत्रज्ञ आला, मीटर लावला, आणि म्हणाला की बारा व्होल्टची साधी बॅटरी उतरली आहे. अशा गाडीत मोठी बॅटरी जागी करण्याचं काम ही छोटी बॅटरी करते. कुलूप, अलार्म, कॉम्प्युटर तिलाच चाटत असतात. जंप दिला, गाडी लगेच 'रेडी'. तुमच्या भावाने उद्या हायब्रीड घेतलीच तर घरातल्या कुणीतरी आठवड्यातून एकदा ती 'रेडी'त आणून अर्धा-पाऊण तास ठेवावी, तीही अंगणात, बंद गॅरेजमध्ये नाही, कारण मधेच इंजिन आपसूक सुरू होतं.

आणि पावसाळ्यात कधी पाणी आत शिरलं तर बटण दाबून बघायचा मोह टाळायचा. टोचन करतानाही पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू द्यायची नाही, गाडी पूर्ण उचलणारा ट्रकच मागवायचा. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होते.

भाऊ जहाजावरून केव्हा उतरतो ते कळवा. त्याला चालवून बघायची असेल तर एखाद्या शनिवारी म्हापशाला या. माझ्या गाडीत आपण पर्वरीची गर्दी पाहू, आणि परतताना तुमच्याबरोबर सत्तरीत येऊन कुळागराच्या शेवटच्या चढावर ती चढते का तेही बघू. चढली नाही तर तसंच इथे लिहीन.