कॉम्प्रेसर नसेल तर शास्त्रीय संगीत ऐकू येत नाही?

एक सल्ला सध्या फार फिरतोय: शास्त्रीय संगीत रेकॉर्ड करताना लेव्हल शून्य डीबीला (डिजिटल रेकॉर्डिंगची कमाल मर्यादा) भिडवा आणि वर कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबून हळू-मोठ्यातला फरक कमी करणारं साधन) लावा, नाहीतर हळू जागा ऐकूच येणार नाहीत आणि स्ट्रीमिंगवर तुमचं रेकॉर्डिंग मलूल वाटेल.

शून्याचा आग्रह टेपच्या काळातला. टेपला स्वतःची खरखर असायची, तिच्या वर राहायला लेव्हल चढी ठेवावी लागे. आजच्या 24 बिट डिजिटल रेकॉर्डिंगची रेंज (सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) कागदावर 144 डीबी, चांगल्या कन्व्हर्टरमधून (आवाजाचे आकडे करणारा भाग) प्रत्यक्षात 120च्या आसपास. तालमीतली सगळ्यात जोरकस जागा उणे 12ला ठेवा, काही बिघडत नाही. कार्यक्रमात कलाकार तालमीपेक्षा जोरातच वाजवतात, आणि शून्याला आपटून फाटलेला सूर नंतर शिवता येत नाही.

खरा घोळ कॉम्प्रेसरचा. गायक श्वासाला थांबला की कॉम्प्रेसरची पकड सुटते आणि तानपुरा फुगून पुढे येतो. तान सुरू झाली की पुन्हा दबतो. जो सूर स्थिर असायला हवा, तोच हेलकावे खातो! ऑर्केस्ट्रात मोठ्या आघातानंतर सभागृहाची आस (मागे घुमत राहणारा आवाज) अशीच उसळते. फ्रेंच संगीतकार रावेलचं 'बोलेरो' (1928) घ्या. त्याच धुना, तोच ताल, पाव तासभर. घडतं ते एवढंच की आवाज आणि वाद्यं वाढत जातात. तो चढ सपाट केलात तर उरते नुसती पुनरावृत्ती.

गाडीत हळू जागा इंजिनात बुडतात, हे मात्र खरं. पण त्यासाठी ऐकणाऱ्याच्या बाजूला आवाज दाबता येतो. मूळ रेकॉर्डिंगमध्येच दाबलेला पुन्हा उघडत नाही. अगदीच गरज पडली तर स्वरलिपी समोर ठेवून, मोठी जागा येण्याआधी फेडर (लेव्हलची सरकपट्टी) बोटानं दोनेक डीबी अलगद खाली घ्यावा. वेळखाऊ काम आहे, पण कानाला कळत नाही.

स्ट्रीमिंगचं म्हणाल तर स्पॉटिफाय मुळातच सगळं उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आसपास आणतं. ठोकून मोठं केलेलं तिथे खालीच ओढलं जातं. मोठी शिखरं असलेलं रेकॉर्डिंग थोडं हळू वाजतं, कबूल. आवाजाचं बटण श्रोत्याकडे असतंच. फक्त एकाच सिंफनीचे भाग वेगवेगळे नॉर्मलाइज करू नका, म्हणजे प्रत्येक भाग सुटा घेऊन एकाच पातळीला आणू नका, नाहीतर संथ भाग शेवटच्या भागाइतकाच गरजतो.