खुलासा: अँटिव्हायरस काढल्याने कॉम्प्युटरचा वेग दुप्पट होत नाही

‘अँटिव्हायरस काढून टाका, कॉम्प्युटर दुप्पट वेगाने चालेल’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे.

फाइल उघडताना ती तपासली जाते, त्यात थोडा वेळ जातो हे खरं. पूर्ण स्कॅन चालू असताना, विशेषतः जुन्या हार्ड डिस्कवर, मशीन रेंगाळतं. पण स्कॅन संपला की ताण उतरतो. विंडोजमधला टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्रॅम किती ताण देतोय ते दाखवतो) उघडून स्वतः बघा. स्कॅनची वेळ रात्रीची ठेवता येते. दोन अँटिव्हायरस एकदम चालवत असाल, तर त्यातला एक जरूर काढा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळातच असतो, तो बंद करू नका. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं तर घरातले सगळे फोटो कुलूपबंद होतात, आणि ते परत मिळतीलच असं नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.